पथकामागच्या आया

मागच्या वेळी आपण रेशनकार्डावरची नावं कशी दुरुस्त करायची ते बोललो होतो. आजचा विषय फार लांबचा आहे, पार अमेरिकेतला. पण आमच्यापर्यंत तो गटाच्या बैठकीतूनच आला, आणि तोही भांडणातून. म्हणून आधी ते भांडणच सांगतो.

आमच्या गटात एक आक्का आहेत. वय साठीच्या पुढे. गट सुरू झाला तेव्हापासूनच्या सभासद, आजवर एक हप्ता चुकलेला नाही. त्यांची लेक कॅलिफोर्नियात असते, जावई तिकडे नोकरीला आहेत. डिसेंबरच्या बैठकीत आक्का म्हणाल्या, मला वीस हजार कर्ज पाहिजे. लेक सुट्टीला आलीय, तिच्याजवळ नातीसाठी द्यायचे आहेत. नात तिकडच्या ढोल-बिगुल पथकात निवडली गेलीय, उन्हाळाभर दौऱ्यावर जाणार आहे.

आमच्या खजिनदार वहिनी हिशोबाला पक्क्या. त्यांनी विचारलं, मग पथकवाले तिला किती पैसे देणार? आक्का म्हणाल्या, ते कशाला देतील, आपणच द्यायचे. लाखांच्या घरात फी आहे. राहायचं कुठं? शाळेच्या फरशीवर. जेवायचं काय? पथकाच्याच गाडीत स्वयंपाक होतो, आणि लेक आठ दिवस रजा टाकून तिथं कामाला जाणार आहे. वहिनींनी वही मिटली. "म्हणजे फी आपण भरायची, पोरीनं फरशीवर झोपायचं, आणि वर आईनं जाऊन कांदे चिरायचे? आणि ह्याच्यासाठी गटानं कर्ज द्यायचं?" सगळ्या हसल्या. आक्का मात्र हसल्या नाहीत.

कर्जाच्या अर्जात कारणाचा एक रकाना असतो. शेती, आजारपण, शिक्षण, लग्न, घरदुरुस्ती. हे कशात लिहायचं? आम्हांलाही सांगता येईना. कर्ज मंजूर झालं, दरमहा एक टक्का व्याज आणि दहा हप्ते, पण तो रकाना कोराच राहिला. मग आम्ही ह्या पथकांचा इतिहास शोधायला लागलो. जे मिळालं ते वाचलं, आक्कांच्या लेकीला फोनवर विचारलं. त्यातून लक्षात आलं की वहिनींचा प्रश्न काही नवा नाही. शंभर वर्षं ही पथकं त्याच प्रश्नावर चालत आलीत, आणि त्याच प्रश्नावर काही बंदही पडलीत.

आधी ही पथकं म्हणजे काय ते सांगतो. इंग्रजीत त्यांना ड्रम कोअर म्हणतात. मोठ्या पथकात दीडशेच्या वर मुलंमुली असतात. एक भाग पितळी वाद्यं फुंकणाऱ्यांचा, दुसरा ढोल-ताशांचा, तिसरा निशाणांचा. निशाणवाली मुलं मोठाले झेंडे, लाकडी बंदुका आणि तलवारी हवेत फेकून झेलतात. सगळे मैदानावर चालत, पळत, आकृत्या करत वाजवतात. हातात कागद नसतो, सगळं पाठ. खेळ दहा-बारा मिनिटांचा असतो आणि परीक्षक त्याला गुण देतात. आपल्याकडच्या शाळेतलं लेझीम, २६ जानेवारीची परेड आणि पुण्यातलं ढोल-ताशा पथक असं एकत्र केलं तर थोडी कल्पना येईल. थोडीच, कारण हे सगळं फुटबॉलच्या मैदानावर होतं आणि पाऊल कुठं पडायचं हेही ठरलेलं असतं. साधारण एकविसाव्या वर्षापर्यंतच ह्यात राहता येतं. पुढं बाहेर पडावंच लागतं.

सुरुवात कशी झाली? पूर्वीच्या लढायांत तोंडी हुकूम सगळ्या सैन्याला ऐकू जायचा नाही, म्हणून ढोल आणि बिगुल. उठा, जेवायला या, पुढं व्हा, मागं फिरा, सगळे हुकूम त्याच्यावरच. पहिल्या महायुद्धात अमेरिका १९१७ मध्ये उतरली, १९१८ मध्ये युद्ध संपलं. परतलेल्या सैनिकांनी १९१९ मध्ये अमेरिकन लीजन नावाची संघटना काढली. गावोगाव तिच्या शाखा निघाल्या. युद्ध संपल्यावर ढोल आणि बिगुल उरलेच होते, वाजवणारेही होते. शाखांनी पथकं केली, मिरवणुका काढल्या, १९२० च्या दशकात त्यांच्या स्पर्धा सुरू झाल्या. पुढं ह्या माजी सैनिकांनी मुलांची पथकं काढली.

ह्याच लीजनला जोडून बायकांची एक संघटना उभी राहिली, अमेरिकन लीजन ऑक्झिलरी. ऑक्झिलरी म्हणजे साहाय्यक. सभासद कोण, तर सैनिकांच्या आया, बायका, बहिणी, मुली. तिकडं बायकांना देशभर मताचा हक्क मिळाला १९२० मध्ये, म्हणजे हा तोच काळ. ह्या बायकांनी काय केलं? जखमी सैनिकांसाठी खसखशीची तांबडी फुलं वाटून पैसे उभे केले, दवाखान्यांत गेल्या, गावातल्या कार्यक्रमांचं जेवण रांधलं. नावातच साहाय्यक, त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकांत त्यांच्या वाट्याला एखादी ओळ येते. पथकाच्या फोटोत कप्तान असतो, निशाण असतं, चषक असतो. गणवेशाला काजं कोणी केली ते फोटोत नसतं. आपल्या गावातल्या पोरींचं लेझीम तालुक्याला गेलं होतं, तेव्हा आदल्या रात्री एकवीस नऊवारी कोणी नेसायला शिकवल्या ते प्रमाणपत्रावर लिहिलेलं आहे का? असो.

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे ही पथकं गल्लीगल्लीत पसरली. न्यू जर्सीतल्या गारफिल्ड गावात एका चर्चच्या आधाराने १९३४ मध्ये कॅडेट्स सुरू झालं. मॅडिसन गावात स्काऊटच्या मुलांचं पथक १९३८ मध्ये, बॉस्टनमध्ये क्रुसेडर्स १९४० मध्ये, शिकागोत कॅव्हलिअर्स १९४८ मध्ये. चर्च, स्काऊट, लीजनची शाखा, ह्यांपैकी कोणीतरी पाठीशी असायचं. पुष्कळशी मुलं कारखान्यांत कामाला जाणाऱ्या घरांतली. तालीम संध्याकाळी, चर्चच्या तळघरात किंवा एखाद्या मोकळ्या पटांगणात. स्पर्धा जवळच्या गावात, शनिवार-रविवारी. बिगुलही साधा, फार तर एक कळ असलेला. तो पथकाचाच, मुलाला विकत घ्यावा लागत नसे. घरच्यांचं काम असायचं ते शिवणाचं, डब्याचं, मिरवणुकीत पाण्याची बादली घेऊन मागं चालायचं, आणि चर्चच्या आवारात केक विकून पैसे जमवायचं. पैसा कमी, मेहनत जास्त.

त्यातली बरीच पथकं फक्त मुलग्यांची होती. मुली आल्या त्या आधी निशाणाच्या रांगेत. मग मुलींनी स्वतःची पथकं काढली. कॅनडात किचनर गावचं व्हेंचर्स हे असंच मुलींचं पथक होतं. हळूहळू बहुतेक पथकांनी मुलींना वाद्यं दिली, पण सगळ्यांनी नाही. मॅडिसनच्या पथकाने मुलींना घ्यायचं ठरवलं ते २०१९ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर ऐंशी वर्षांनी. पुण्यात मुली कमरेला ढोल बांधून मिरवणुकीत कधीपासून दिसायला लागल्या ते आठवा. ह्या बाबतीत आपण काही फार मागं नाही, हे सांगायला आम्हांला बरं वाटतं.

कॅलिफोर्नियातल्या कॉनकॉर्ड गावात १९५७ मध्ये टोनी आणि ॲन ओडेलो ह्या नवराबायकोने लहान मुलांचं ढोल आणि घंटावाद्यांचं एक पथक सुरू केलं. तेच पुढं ब्लू डेव्हिल्स झालं. आज सगळ्यांत जास्त वेळा पहिलं आलेलं पथक तेच. त्याच वर्षी वायोमिंगमध्ये कॅस्पर गावी जिम जोन्स ह्यांनी ट्रूपर्स काढलं. हे जोन्स आणि शिकागोचे डॉन वॉरन, ह्या दोघांची नावं पुढच्या वळणावर येतात.

१९७१ पर्यंत स्पर्धांचे नियम माजी सैनिकांच्या संघटना ठरवायच्या. काय वाजवायचं, कसं चालायचं, बक्षीस किती. पथकं चालवणाऱ्यांचं म्हणणं, पोरं आमची, खर्च आमचा, मग नियम तुमचे का? जोन्स, वॉरन आणि इतर पथकांचे प्रमुख एकत्र आले आणि त्यांनी स्वतःची संस्था काढली, ड्रम कोअर इंटरनॅशनल. तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावात झाली. अ‍ॅनाहाइम किंग्जमेन नावाचं पथक जिंकलं. मैत्रिणींनो, बँकेच्या दारात उभं राहण्यापेक्षा आपला फेडरेशन आपण करू, असं आपण म्हणालो होतो ना, तशातलीच ही गोष्ट.

पण त्यातून एक झालं, आणि आमच्या मते ह्या इतिहासातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट ती आहे. स्पर्धा देशभराची झाली. म्हणजे जवळच्या गावात शनिवारी जाऊन रविवारी परत येणं संपलं. बस भरायची आणि निघायचं, आज ह्या राज्यात, उद्या त्या राज्यात, दोन-अडीच महिने. त्यातच १९७३ मध्ये तेल महागलं. चर्च आणि शाखांचे हात आखडले. शाळांची स्वतःची बँड पथकं मोठी झाली, मुलांना तिथंच वाजवायला मिळू लागलं. गल्लीतली शेकडो पथकं पुढच्या काही वर्षांत बंद पडली. आज सगळ्यांत वरच्या वर्गात वीसेक पथकं उरलीत. खेळ मात्र फार वरच्या दर्जाचा झाला, त्यात शंका नाही. १९९० मध्ये तीन कळांच्या बिगुलांना परवानगी मिळाली, २००० पासून इतर पितळी वाद्यंही चालू लागली, पुढं माइक आणि विजेवरची वाद्यं आली. म्हणजे आणखी ट्रक आणि आणखी खर्च.

आणि आईचं काम बदललं. आधी सुई होती, आता चेकबुक आलं. पूर्वी गल्लीतल्या कोणाचंही पोर पथकात शिरायचं. आज फी साधारण चार ते सहा हजार डॉलर असते, म्हणजे आपल्या हिशोबाने साडेतीन ते पाच लाख रुपये. वर हिवाळ्यातल्या शिबिरांचा विमानप्रवास वेगळा.

तरी सुई आणि उलथनं सुटलं नाही ते नाहीच! आक्कांच्या लेकीने जे सांगितलं ते ऐका. पथकाबरोबर एक लांबलचक ट्रक असतो, त्याच्या आत अख्खा भटारखाना. दिवसातून चार वेळा जेवण. सकाळची न्याहारी, दुपारचं, खेळाच्या आधीचं, आणि रात्री खेळ झाल्यावर बसमध्ये चढण्याआधीचं. पोरं उन्हात दहा-दहा तास तालीम करतात, त्यामुळे खाणं भरपूर लागतं. दीडशे पोरं, वर शिकवणारे आणि ड्रायव्हर, असं दोनशेच्या आसपास पान. एक-दोन पगारी माणसं सोडली तर बाकी सगळे पालक, आठ-आठ दिवसांच्या पाळ्या लावून आलेले. बाप पण असतात हो, नुसत्या आयाच नाहीत. एक वकील बाई तीन दिवस नुसती भांडी घासत होती, असं लेक म्हणाली. रात्री खेळ संपला की ट्रक आवरायचा, पोरं बसमध्ये झोपतात, बस रात्रभर चालते, पहाटे पुढच्या गावच्या शाळेच्या व्यायामशाळेत उतरतात आणि फरशीवर गाद्या पसरून उरलेली झोप पुरी करतात. दुसऱ्या बाजूला दोघी-तिघी शिवणयंत्र मांडून बसलेल्या असतात. झेंडे रोज फाटतात, पँटींच्या शिवणी रोज उसवतात.

लेक पहिल्या दिवशी गेली तेव्हा नातीकडं बघून हात केला, तर नातीने बघितलंच नाही. रांगेत होती, मान वळवायची नाही. मग रात्री ताट घेताना हळूच म्हणाली, आई, उद्या सकाळी भात आहे का? लेकीने दुसऱ्या दिवशी वीस किलो तांदळाची खिचडी टाकली. मुगाची डाळ पुरेशी मिळाली नाही म्हणून मसूर घातली. सगळी संपली.

आता पैशांकडे येऊ, कारण वहिनी ऐकत असणार. फीवर सगळं भागत नाही. काही पथकं फार वर्षं बिंगोवर चालली. बिंगो म्हणजे आपला तांबोला, हळदीकुंकवाला खेळतो तोच, पण मोठ्या हॉलमध्ये, आठवड्यातून कितीतरी रात्री. कॅलिफोर्नियात धर्मादाय संस्थांना १९७६ पासून बिंगो चालवायची मुभा मिळाली. सांता क्लारा व्हॅनगार्ड हे १९६७ मध्ये सुरू झालेलं नावाजलेलं पथक. त्याचा मोठा आधार बिंगो होता. हेच पथक २०१८ मध्ये देशात पहिलं आलं आणि २०२३ च्या हंगामात मैदानात उतरूच शकलं नाही. कारण पैसा. अधे २०२० मध्ये कोरोनामुळे सगळ्यांचाच हंगाम रद्द झाला होता. निवडलेली पोरं त्या वर्षी घरीच बसली. सांता क्लाराचं पथक २०२४ मध्ये परत आलं. पहिला नंबर असलेल्या पथकाचीही गत अशी होते, हे ऐकून आमच्या बैठकीत थोडा वेळ कोणी बोललं नाही.

आणखी एक गोष्ट, ही पथकाची नाही, पोरांच्या कसरतीच्या एका क्लबची आहे, पण नियम सगळ्या पालकमंडळांना लागतो. व्हर्जिनियातल्या त्या क्लबमध्ये पालक वस्तू विकून पैसे जमवायचे. ज्या आईने जास्त विकलं, तिच्याच पोरीच्या फीतून तेवढी रक्कम कमी. जिला वेळ नाही, ती पूर्ण फी भरणार. कर खात्याने हरकत घेतली. २०१३ मध्ये तिथल्या कर न्यायालयाने निकाल दिला की हे धर्मादाय काम नाही, ज्याचं त्याने कमावणं आहे, तेव्हा करात सूट मिळणार नाही. तेव्हापासून बँडवाली पालकमंडळंही सावध आहेत. जमवलेला पैसा सगळ्या पोरांचा धरायचा. आमच्या बैठकीत ह्यावर पाऊण तास वाद झाला. पापडाच्या ऑर्डरमध्ये जी जास्त लाटते तिला जास्त द्यायचं की वाटा सारखा? तो वाद अजून मिटलेला नाही, आणि तो आजचा विषयही नाही.

एक अवघड गोष्ट बोलायची राहिली. आम्ही ती गाळणार होतो. मग वाटलं, आया ऐकणार आहेत, तर गाळून कसं चालेल? मघाशी सांगितलेलं १९३४ चं कॅडेट्स. २०१८ च्या एप्रिलमध्ये त्याच्या अनेक वर्षांच्या संचालकावर काही बायकांनी लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले. वर्तमानपत्रात छापून आलं, संचालकाने राजीनामा दिला. पुढं ऐंशीच्या दशकातल्या आणखी एका जुन्या प्रकरणावरून संस्थेवर दावा झाला, आणि २०२४ मध्ये नव्वद वर्षांचं ते पथक बंद झालं. पोरं मोठ्यांच्या ताब्यात महिनोन्‌महिने असतात, आणि कडक शिस्तीत उलट विचारायची सवय राहत नाही. आता शिकवणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासतात, तक्रारीसाठी नियम केलेत. आक्कांच्या लेकीने फी भरायच्या आधी तीन गोष्टी विचारल्या होत्या. रात्री पोरींजवळ कोण झोपतं, आजारी पडली तर दवाखान्यात कोण नेतं, तक्रार कोणाकडं करायची. पथकाने तिन्हींची उत्तरं लिहून दिली, मगच तिने पैसे भरले. फरशीवर झोपण्याबद्दल तिने विचारलंही नाही. ती स्वतः आपल्याच गावात सारवलेल्या जमिनीवर वाढली आहे.

आणि ज्या आया समुद्रापलीकडे आहेत त्यांचं काय? जपानहून पुष्कळ मुलं ह्या पथकांत येतात, युरोपातूनही येतात. जपानमध्ये स्वतःची पथकं आहेत, युरोपात स्पर्धांची संस्था आहे, पण पोरांना त्या मोठ्या मैदानावर वाजवायचं असतं. अंतिम फेरी २००९ पासून इंडियानापोलिस शहरातल्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये होते, दर ऑगस्टमध्ये. आक्कांच्या नातीच्या रांगेत शेजारी एक जपानी मुलगी होती. तिची आई पाळीला येऊ शकत नाही, शिवायला येऊ शकत नाही. ती एवढंच करू शकते, आधी पैसे साठवायचे आणि मग अवेळी उठून इंटरनेटवर पैसे भरून खेळ बघायचा. तिकडं रात्रीचे नऊ, तर हिच्याकडं दुसऱ्या दिवसाचे सकाळचे दहा. कामावर असली तर तेही नाही. मग इथल्या आयांनी एक रीत पाडली आहे. परदेशातल्या पोरांना आपसांत वाटून घ्यायचं, सुट्टीच्या दिवशी आपल्या पोराबरोबर त्यांचेही कपडे धुवायचे, आणि संध्याकाळी तिच्या आईला एक फोटो पाठवायचा. पोर जेवताना असेल तर उत्तम. आक्कांच्या लेकीकडं जपानी येत नाही, त्या बाईला इंग्रजी बेताचं. फोटो जातो, तिकडून हात जोडलेलं चित्र येतं.

नातीने ढोलाला पहिल्यांदा हात लावला तो तिकडच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत. नऊ वर्षांची होती. पुढं शाळेच्या बँडमध्ये गेली आणि तिथून इथं. आता तिच्या छातीवर जो ढोल असतो तो पट्ट्यांनी खांद्यावर अडकवलेला असतो, दोन्ही बाजूंनी वाजतो, आणि तो घेऊन आडवं पळावं लागतं, एक पायावर एक टाकून. मोठ्या ढोलाचं वजन दहा किलोच्या पुढं. आक्कांनी हे ऐकल्यावर विचारलं, आणि पाळीच्या दिवसांत? लेक म्हणाली, त्या दिवसांतही. ट्रकात पॅडचा खोका असतो, तो संपत आला की पाळीवरची आई न विचारता आणून ठेवते.

आक्कांचे वीस हजार तिकडं सव्वादोनशे-अडीचशे डॉलर झाले. फीच्या मानाने काहीच नाही. वहिनींनी विचारलंच होतं, एवढ्यात काय येणार? लेकीने यादी पाठवली, आम्ही ती बैठकीत वाचून दाखवली. मैदानावरचे बूट, दोन जोड. झोपायची हवेची गादी एक. पाण्याचा चार लिटरचा कॅन एक, तो पोरीने दिवसभर जवळ बाळगायचा. उन्हाची टोपी. फोडांवरचं मलम. बुटांचा एक जोड जुलैच्या मध्याला तळव्यातून गेला. गादी टेक्सासमध्ये पंक्चर झाली, तर पाळीवर आलेल्या एका बापाने सायकलच्या ठिगळाने दुरुस्त करून दिली. बारा मिनिटांच्या खेळासाठी हे सगळं, असं वहिनी पुन्हा म्हणाल्या. पण ह्या वेळी त्यांनी यादी मागून घेतली आणि वहीत ठेवली.

ऑगस्टमध्ये अंतिम फेरी झाली तेव्हा आपल्याकडं रविवारची सकाळ होती. आक्कांच्या घरी आम्ही सात-आठ जणी फोनभोवती बसलो होतो. रेंज जात होती, येत होती. दीडशे पोरांत नात कुठली ते कोणालाच ओळखू येईना, सगळ्यांच्या टोप्या सारख्या. आक्का म्हणाल्या, ती बघा, ती. आम्ही हो म्हणालो. नंतर लेकीने सांगितलं, तेव्हा ती कडेला, चौकटीबाहेर होती.

आक्कांचा शेवटचा हप्ता ऑक्टोबरच्या बैठकीत फिटला. खातं बंद करायचं तर रकाना कोरा ठेवता येत नाही. वहिनींनी पेन उघडलं, थोडा वेळ थांबल्या, आणि कारणाच्या जागी लिहिलं, "नातीचे बूट, गादी वगैरे." मग वगैरे खोडलं आणि यादी पूर्ण लिहून काढली.